केस गळतात तेव्हा मनाकडेही बघा

‘केसच तर आहेत, एवढं काय मनाला लावून घ्यायचं?’ केस गळणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य एकदा तरी ऐकलेलं असतं. रायपूरच्या शंकर नगर भागातल्या मराठी कुटुंबांकडून आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांतही ते हमखास असतं, आणि त्याच्या मागोमाग ठरलेला गोंधळ असतो. आधी त्वचेच्या डॉक्टरांकडे जायचं की मनाच्या? डॉक्टर म्हणतात ताण घेऊ नका, पण ताण केसांचाच असेल तर काय करायचं? पार्लरवाली तेल सुचवते, मेहुणा ट्रान्सप्लांट सुचवतो आणि सासूबाई म्हणतात, वेण्या घट्ट घाला. ऐकायचं कुणाचं? या लेखात त्याच क्रमाने जाऊ.

हे दुःख खोटं नाही

डिसेंबर २०२४च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांतल्या लोकांचे केस अचानक गळू लागले. आधी डोक्याला खाज, मग हात लावला की केस हातात, आणि तीन-चार दिवसांत टक्कल. अठरा गावांत मिळून २७९ जणांना हा त्रास झाल्याची नोंद झाली. पाणी तपासलं गेलं, बुरशीचा संशय घेतला गेला, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं (आयसीएमआर) पथक येऊन नमुने घेऊन गेलं. पुढे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपल्या अभ्यासातून रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवलं.

बाधितांपैकी अनेकांचे केस काही आठवड्यांत पुन्हा येऊ लागले. मधल्या काळात मात्र जुळलेली लग्नं अडली, तरुण मुलं-मुली कॉलेजात जाईनाशी झाली आणि कित्येकांनी लाजेपोटी उरलेले केस भादरून घेतले. स्वतःचा काही दोष नसताना ज्यांचे केस गेले, त्यांनाच तोंड लपवायची वेळ आली. तुमच्या घरात एकट्याचे केस गळत असले, तरी मनात हेच होतं: दोष कुणाचाच नसतो, लाज मात्र आपल्याला वाटते.

बाईच्या बाबतीत ही लाज आणखी खोल जाते. विधवांचं केशवपन आपल्या समाजात होऊन गेलं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिकांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही, असं जाहीर केलं. प्रथा गेली, तरी बाईचं उघडं डोकं पाहिलं की जुन्या पिढीच्या मनात अशुभाची पाल चुकचुकतेच. केमोथेरपीनंतर आईने डोक्यावरचा पदर काढला आणि आजी रडू लागली, तर त्या रडण्यात आजाराच्या भीतीबरोबर हेही असतं. घरात ते समजून घ्या, म्हणजे एकमेकांवर चिडणं कमी होईल.

पहिली पायरी: गळती कोणती आहे ते कळू द्या

नेमकं काय चाललं आहे हे माहीत नसताना मन सर्वांत जास्त पोळतं. रात्री दोनला मोबाइलवर फोटो चाळत बसण्यापेक्षा एकदा त्वचारोगतज्ज्ञांना डोकं दाखवलेलं बरं. दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणं सामान्य आहे. त्यापलीकडे साधारण हे प्रकार दिसतात:

- सगळीकडून पुंजक्याने गळणारे केस. डेंगी, टायफॉइड किंवा कोविडचा ताप, ऑपरेशन, बाळंतपण, उपाशी राहून केलेलं डाएट किंवा मोठा मानसिक धक्का यांनंतर दोन-तीन महिन्यांनी ही गळती सुरू होते. बाळ आईला ओळखायला लागलं की आईचे केस जातात, असं आज्या म्हणतात. वेळेचा हिशोब बरोबर आहे. ही गळती बहुतेकदा सहा महिन्यांत आपोआप आवरते.
- चाई. नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा, कधी दाढीत किंवा भुवईतही. शरीराची प्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवर उलटते म्हणून हे होतं. चाई संसर्गजन्य नाही, हे घरातल्या आणि शाळेतल्या सगळ्यांना मोठ्याने सांगा.
- कपाळाच्या कोपऱ्यांतून किंवा भांगातून हळूहळू विरळ होणारे केस. आनुवंशिक. वेळेत उपचार सुरू केले तर वेग कमी होतो, पण उपचार चालू ठेवावे लागतात.
- लहान मुलाच्या डोक्यावर खपल्या आणि तुटके केस. बहुधा बुरशी. तेल चोळून जात नाही, पोटात घ्यायचं औषध लागतं. घरात कंगवे वेगळे ठेवा.
- जळजळ, दुखणं, पू किंवा चकचकीत झालेली त्वचा. इथे थांबू नका. काही प्रकारांत केसांची मुळं कायमची जातात. त्यांत आठवड्यांनाही महत्त्व असतं.

हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड अशा मोजक्या तपासण्या डॉक्टर सांगतील. त्याआधी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तसं सांगा. जास्त मात्रेतलं बायोटिन थायरॉइडच्या रक्ततपासणीचा निकाल चुकवू शकतं आणि नसलेला आजार कागदावर दिसतो. केसांसाठी म्हणून दुकानातून उचललेल्या बहुतेक गोळ्यांत बायोटिन असतं.

ताण आधी की गळती आधी?

दोन्ही खरं असू शकतं. मोठ्या धक्क्याने गळती सुरू होते हे वर आलंच. पण रोज न्हाणीघराच्या जाळीवर अडकलेला केसांचा गोळा उचलून, पाण्याखाली सोडवून, मोजून कागदात गुंडाळून ठेवणाऱ्या माणसाला ‘ताण घेऊ नका’ म्हणणं निरुपयोगी आहे. त्यातून त्याला एवढंच कळतं की गळतीचा दोषही आपलाच. डॉक्टरांनी असं म्हटलं तर सरळ विचारा: ताण घ्यायचा नाही म्हणजे नेमकं काय करायचं, आणि त्यासाठी कुणाला भेटायचं?

मोजणं मात्र थांबवायला हवं. महिन्यातून एकदा, त्याच जागी, त्याच उजेडात एक फोटो काढा आणि तो डॉक्टरांना दाखवायला ठेवा. केसांची वाढ महिन्याला साधारण एक सेंटिमीटर असते. रोज आरशात शोधून फरक दिसणारच नाही, दिसेल ती फक्त काळजी.

मनासाठी मदत कधी घ्यायची?

केस गेल्याचं वाईट वाटणं, चार दिवस रडू येणं, लग्नाला जायचं टाळावंसं वाटणं हे साहजिक आहे. पण पुढच्यांपैकी काही दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, तर त्वचेच्या उपचारांबरोबरच मनाच्या डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना भेटा:

- झोप मोडते, भूक मेली आहे, आवडीच्या कामात जीव रमत नाही.
- ऑफिस, कॉलेज, गणपतीची आरती, हळदीकुंकू, सगळीकडे जाणं बंद झालं आहे.
- दिवसाचा तासाहून जास्त वेळ आरसा, फोटो आणि टोपी नीट करण्यात जातो. इतरांना जवळजवळ न दिसणारा विरळपणा तुम्हाला विद्रूप वाटतो. अशा वेळी ट्रान्सप्लांटने समाधान होत नाही, आधी या विचाराचा उपचार लागतो.
- हात नकळत केसांकडे जातो आणि केस उपटले जातात. हा आजार बहुधा दहा ते तेरा वर्षांच्या वयात सुरू होतो. मुलीला रागावून, हातावर चापट मारून तो जात नाही, उलट लपून केस ओढले जातात. सवय मोडण्याची खास मानसोपचार पद्धत आहे, ती मागा.
- ‘असं जगण्यापेक्षा नको’ असा विचार येतो. हा विचार एकदा आला तरी दोन आठवडे थांबायचं नाही. त्याच दिवशी घरातल्या कुणाला तरी सांगा आणि १४४१६ला फोन करा.

१४४१६ ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ही सेवा चोवीस तास आणि मोफत असते, आणि भाषा निवडता येते. परप्रांतात राहणाऱ्या आपल्या मंडळींना मनातलं हिंदीत सांगताना अडखळायला होतं, म्हणून मराठीत बोलायचं आहे असं आधीच सांगा.

रायपुरात जायचं कुठे?

शंकर नगर रस्त्यावर केस आणि त्वचेच्या दवाखान्यांच्या पाट्यांना तोटा नाही. पाटीवर ‘हेअर’ हा शब्द असला म्हणजे आत त्वचारोगतज्ज्ञ असेलच असं नाही. नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक वाचूनच आत जा. खासगी फी परवडत नसेल तर टाटीबंधचं एम्स आणि मेकाहारा म्हणून सगळ्यांना माहीत असलेलं डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालय, दोन्हीकडे त्वचा आणि मानसोपचार असे दोन्ही विभाग आहेत. माझं स्पष्ट मत असं की चाईच्या आणि केमोथेरपीच्या रुग्णाने दोन्ही विभागांचा कागद एकाच वेळी काढावा. केस येईपर्यंत मनाला ताटकळत ठेवायचं कारण नाही.

मानसोपचाराचा कागद नोकरीत किंवा लग्नात आड येईल ही भीती आम्हाला वारंवार सांगितली जाते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ तुम्हाला तीन गोष्टी देतो: सरकारी आरोग्यसेवेत उपचार मिळण्याचा हक्क, तुमची माहिती गुप्त राहण्याचा हक्क, आणि आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखीच वागणूक. विमा कंपनीने नुसतं ‘मानसिक आहे’ म्हणून दावा फेटाळला तर लेखी कारण मागा. केसांचं ट्रान्सप्लांट मात्र सौंदर्योपचारात मोडतं, सर्वसाधारण पॉलिसीत ते बसत नाही.

औषध सुरू करताना मनाची खबरदारी

आनुवंशिक गळतीसाठी डोक्याला लावायचं मिनॉक्सिडिल हे औषध सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढल्यासारखी वाटते. याच टप्प्यावर अनेक जण घाबरून बाटली फेकतात. आधीच माहीत असेल तर धीर राहतो. परिणाम कळायला चार ते सहा महिने जातात, आणि औषध सोडलं की मिळवलेले केसही हळूहळू जातात. आयुष्यभर रोज हे करायला आपण तयार आहोत का, हा प्रश्न पहिल्या दिवशीच स्वतःला विचारा. ‘नाही’ हेही योग्य उत्तर आहे. बारीक केस कापून मोकळेपणाने वावरणारे पुरुष काही हरलेले नसतात.

आनुवंशिक गळतीसाठी पुरुषांना दिली जाणारी फिनास्टेराइडची गोळी हा वेगळा विषय आहे. काही पुरुषांत तिने कामेच्छा कमी होते, मन खचतं, आणि क्वचित आत्महत्येचे विचार येतात. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०२५मध्ये आत्महत्येच्या विचारांना या गोळीचा दुष्परिणाम म्हणून मान्यता दिली. म्हणून:

- पूर्वी नैराश्य आलं असेल तर गोळी लिहून घेण्याआधी ते सांगाच.
- घरातल्या एका माणसाला सांगून ठेवा की मी ही गोळी घेतो आहे, माझ्या वागण्यात फरक दिसला तर बोल. बदल स्वतःला उशिरा कळतो.
- मन उतरल्यासारखं वाटलं तर गोळी थांबवा आणि डॉक्टरांना भेटा.
- मित्राची चिठ्ठी दाखवून किंवा मोबाइलवरची प्रश्नावली भरून घरपोच मागवू नका.
- गरोदर स्त्रीने तुटलेल्या गोळीला हात लावू नये.

चाईच्या गंभीर प्रकारासाठी बॅरिसिटिनिबसारखी नवी औषधं आली आहेत. अमेरिकेत २०२२मध्ये त्याला मान्यता मिळाली. आशा ठेवण्यासारखी ही बाब आहे, पण ही औषधं प्रतिकारशक्तीवर काम करतात, तपासण्या करत करतच घ्यावी लागतात आणि थांबवल्यावर चाई परत येऊ शकते. पाच वर्षांपूर्वी ‘उपाय नाही’ ऐकून घरी बसलेल्यांनी मात्र एकदा पुन्हा जाऊन विचारावं.

पैसे मोजण्याआधी

घाबरलेला माणूस भाव करत नाही. विकणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. मोफत तपासणीला बोलावतात, पडद्यावर डोक्याचं मोठं चित्र दाखवतात, ‘अजून सहा महिन्यांनी काही उरणार नाही’ म्हणतात आणि हप्त्यांचा फॉर्म पुढे करतात. त्या खुर्चीत बसून सही करू नका. घरी या, दोन रात्री जाऊ द्या.

- टक्कल बरं करण्याचा दावा. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांच्या अनुसूची ‘जे’मध्ये टक्कल पडण्याचं नाव आहे. त्या यादीतला आजार बरा करण्याचा किंवा टाळण्याचा दावा कोणत्याही औषधाला करता येत नाही. ‘शंभर टक्के हमी’ लिहिलेली बाटली दिसली की तिथेच थांबा.
- ट्रान्सप्लांट कोण करणार? राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२मध्ये स्पष्ट केलं की केस प्रत्यारोपण शस्त्रक्रियेचं रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरांनीच करायचं आहे. कार्यशाळेला बसून किंवा व्हिडिओ पाहून शिकलेलं त्यात धरत नाहीत. तेव्हा भूल कोण देणार, काप कोण घेणार, तातडीची सोय आहे का, हे तिन्ही लेखी घ्या. पंचविशीच्या आत, गळती चालू असताना किंवा चाई असताना घाई करू नका.
- कागद. पक्की पावती, संमतीपत्राची प्रत, आधीचे-नंतरचे फोटो ठेवा. वैद्यकीय कागदपत्रं मागितल्यापासून ७२ तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.
- फसवणूक झाली तर. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे निभावलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. कंपनी मुंबईची असो की हैदराबादची, तुम्ही राहता त्या रायपुरात तक्रार करता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत व्हावी लागते. केसांबद्दल तक्रार करायची लाज वाटते म्हणून ही दोन वर्षं जाऊ देऊ नका.

केमोथेरपी होणार असेल तर

प्रत्येक औषधाने केस जात नाहीत, म्हणून आधी विचारा. जाणार असतील तर पहिल्या मात्रेनंतर दोन-तीन आठवड्यांत गळती सुरू होते. आधीच केस बारीक करून घेतलेले बऱ्याच जणींना सोपं जातं, कारण उशीवर पसरलेले लांब केस पाहणं टळतं. काहींना शेवटपर्यंत ठेवायचे असतात. हा निर्णय फक्त रुग्णाचा, घरातल्या कुणाचा नाही. टोप घ्यायचा असेल तर केस असतानाच घ्या, म्हणजे रंग आणि भांग जुळवता येतो. मऊ सुती ओढणी किंवा टोपीही पुरते. रायपूरच्या उन्हाळ्यात टोपाने डोकं उकडतं, घाम येऊन त्वचा खाजते. बाहेर टोप आणि घरात मोकळं डोकं, अशी सोय घरच्यांनी न कुरकुरता स्वीकारावी. भुवया आणि पापण्या जाणं अनेकींना डोक्याच्या केसांपेक्षा जास्त लागतं, कारण चेहराच ओळखीचा राहत नाही. त्याबद्दल आधी कुणी सांगत नाही, म्हणून इथे लिहिलं. उपचार संपल्यावर तीन ते सहा महिन्यांत केस परततात, कधी पोत किंवा रंग बदलून.

घरातल्या लहान मुलांना आधी सांगा. आईचे केस जातील, औषधामुळे जातील, आणि परत येतील, एवढं पाच वर्षांच्या मुलालाही कळतं. न सांगितलं तर ते स्वतःच काहीतरी भयंकर समजून बसतं.

घरच्यांनो, तुमच्यासाठी

उपाय सांगणं आधी बंद करा. कांद्याचा रस, भृंगराज, अमुक भाऊजींचा डॉक्टर, हे सगळं त्या माणसाने तुमच्याआधी वाचलेलं असतं. त्याऐवजी विचारा: ‘तुला याबद्दल बोलायचंय का, की नको?’ आणि उत्तर ‘नको’ आलं तर विषय सोडा. चारचौघांत टकलावरून केलेली थट्टा हसून घेणारा माणूस ती घरी घेऊन येतो. मित्रमंडळींत ती थांबवायचं काम तुम्ही करा, त्याच्यावर सोडू नका.

शाळेत मुलाला चिडवत असतील तर वर्गशिक्षकांना डॉक्टरांची चिठ्ठी आणि एक ओळ लिहून द्या: ‘हा आजार संसर्गजन्य नाही, टोपी घालू द्यावी.’ टोपी काढायला लावणं किंवा वर्गात उभं करून टोमणे मारणं हा मानसिक छळ आहे, आणि शिक्षण हक्क कायदा, २००९ यातल्या कलम १७नुसार त्याला मनाई आहे. मुख्याध्यापकांनी ऐकलं नाही तर जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी जा.

लग्न जमवताना टोप किंवा चाई लपवावी का, हे अनेक आया विचारतात. लपवू नका. बघण्याच्या कार्यक्रमात सगळ्यांसमोर नाही, पण मुलगा-मुलगी पहिल्यांदा एकटे बोलतील तेव्हा ज्याचं त्याने सांगावं. आईने परस्पर सांगू नये आणि मध्यस्थाकरवी तर मुळीच नाही. नकार आला तर त्या दिवशी वाईट वाटेल. साखरपुड्यानंतर कळून आलेला नकार त्याहून फार महाग पडतो. आणि मुलीला ‘तुझ्या केसांमुळे स्थळ गेलं’ हे वाक्य कधीही ऐकवू नका, रागातसुद्धा नाही. हे वाक्य ऐकलेल्या मुली जेवण सोडतात, बोलणं सोडतात, आणि मग केसांच्या डॉक्टरांकडे त्याचं औषध नसतं.

तुमच्या घरात आत्ता कुणी दार बंद करून बसत असेल, तर हा लेख त्यांना पाठवून मोकळे होऊ नका. आज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा, आणि या आठवड्यात डॉक्टरांकडे जाताना सोबत जा.